ओटीतले चार दाणे

१

ऊन उतरलं की चंद्रप्रभाबाई पायात कापडी बूट चढवायच्या, पदर खोचायच्या आणि खालच्या मजल्यावरच्या जोहराला हाक मारून गोदावरीच्या पुलाकडे निघायच्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण ते आपलं निमित्त. खरं कारण हातातल्या फोनमध्ये होतं.

इथं नांदेडात दिवेलागण व्हायला आली की तिकडं आयर्लंडात, कॉर्क नावाच्या शहरात, मनूची जेवणाची सुट्टी व्हायची. मनू म्हणजे मनस्विनी, बाईंची एकुलती एक लेक. तिचं ऑफिस नदीच्या एका काठाला आणि डबा खायची आवडती जागा म्हणजे भर शहरातला नवा पूल. फक्त चालणाऱ्यांसाठी बांधलेला, पांढरा, लोखंडी, आणि मधोमध एक लांबलचक बाकडं. मनू तिथं बसून व्हिडिओ कॉल लावायची, आई इकडं गोदावरीच्या पुलावर कठड्याला टेकून उचलायची, आणि दोघी आपापल्या पुलांवरून गप्पा मारायच्या.

"तुमच्या पुलाला भोंगा लावलाय का गं?" बाईंनी पहिल्यांदा विचारलं होतं, कारण तिच्या आवाजामागे एक बारीक हूं असा सूर सतत ऐकू यायचा.

"वारा कठड्यातून जातो ना, म्हणून वाजतो तो," मनू म्हणाली. "आणि हे बघ आई, तुझ्या कामाचं. सकाळी पाणी इकडून तिकडं चाललं होतं, आता उलटं चाललंय."

बाईंना केवढा आनंद झाला. भरतीचं पाणी नदीत शिरतं, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा काढलं असेल, पण डोळ्यांनी पाहिलं ते लेकीच्या फोनमध्ये. त्यांनी जोहरालाही दाखवलं. जोहराचं बांगड्यांचं दुकान होतं, समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "उलटी नदी? न्हाई बाई, आपल्याला आपली सीधीच बरी."

मनू हसली आणि वाऱ्यानं तोंडावर आलेले केस तिनं करंगळीनं मागे सारले. लहानपणापासूनची सवय. बाकीची चार बोटं मोकळी ठेवून फक्त करंगळी. बाई तिला चिडवायच्या, की अशी करंगळी हलवणारी जगात तू एकटीच.

त्या दिवसांत बाईंचा जीव मनूच्या पोटात अडकला होता. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. आता पाचवा लागला होता. सातव्यात तिनं माहेरी यायचं, बाळंतपण नांदेडला करायचं, हे ठरलं होतं. एवढं एक नीट पार पडावं, याहून त्यांना दुसरं काही नको होतं.

२

चंद्रप्रभाबाईंचं माहेर रेणापूरचं. तिथं त्यांच्या आईनं एक घोकवून ठेवलेलं होतं, की दोन जिवांच्या बाईनं नदी ओलांडू नये, आणि ओलांडायचीच झाली तर आधी नदीची ओटी भरावी. वर्गात बाईंनी असल्या गोष्टींची भरपूर टिंगल केलेली. पण लेक रोज दोनदा नदी ओलांडत होती, आणि मागच्या खेपेलाही तीच नदी होती. टिंगल करणं वर्गात सोपं असतं.

"आई, हे तू सांगून राहिलीस?" मनू म्हणाली. "भूगोलाच्या बाई?"

"मी कुठं म्हणते खरं हाय म्हणून? तुझं काय जातं भरायला? मागं मी हिरवा खण पाठवलाय, तो घे. नारळ मिळतोच तिकडं."

तर एका दुपारी मनूनं फोन बाकड्यावर टेकवून ठेवला. मोहरीच्या रंगाचा लांब कोट घातलेला, पोट आता दिसत होतं. शेजारी एक म्हातारा कॉफी पीत बसला होता, तो मोठ्या आदरानं उठून बाजूला झाला. इकडं गोदावरीच्या कठड्याला टेकून बाई एकेक सांगत होत्या. हळद लाव, कुंकू लाव, आता ओंजळीनं तांदूळ, खण, नारळ. मनूनं ओढणीच्या टोकातलं सगळं कठड्यावरून खाली सोडलं. खाली धप्प असा आवाज झाला. म्हाताऱ्यानं कॉफीचा कप वर करून तिला सलाम केला आणि दोघी मायलेकी खळखळून हसल्या.

"चार दाणे परत घेतलेस ना?" बाईंनी विचारलं.

"कसले दाणे?"

बाईंना मग आठवलं, की हे आपण सांगितलंच नाही. कुणाचीही ओटी भरली, की तिनं त्या ओटीतले चार दाणे भरणारीला परत द्यायचे असतात. रेणापुराकडं ते पदरात घेतात. देणंघेणं तिथंच पुरं होतं, मागं काही राहत नाही. नदीची ओटी भरताना नदी कुठून देणार, म्हणून आपणच आधी चार दाणे काढून पदराला बांधायचे.

"सगळंच टाकलं गं. आता?"

"आता काय. जाऊ दे," बाई म्हणाल्या. मनूची सुट्टी संपली, फोन बंद झाला.

जोहरा पुलाच्या टोकाला शेंगा घ्यायला गेली होती. बाई एकट्याच होत्या. नांदेडात गोदावरीला सगळे गंगा म्हणतात. बाई कटाक्षानं गोदावरी म्हणायच्या. पण त्या संध्याकाळी त्यांचे हात जोडले गेले, आणि आजवर ज्या ज्या लेकीबाळींची ओटी भरली त्यांना निरोप देताना जे म्हणत आल्या, तेच तोंडून निघून गेलं.

"घरला ये गं माय," त्या पाण्याला म्हणाल्या. मग स्वतःशीच हसल्या, आणि जोहरा परतल्यावर शेंगा सोलायला लागल्या.

३

दुसऱ्या दिवशी मनूचा फोन आला. ती डब्यातली खिचडी खात होती आणि यज्ञेशची, म्हणजे नवऱ्याची, तक्रार सांगत होती. बाईंचं लक्ष मात्र मागं गेलं. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई पाठमोरी बसली होती. डोक्यावर हिरवं काहीतरी घेतलेलं.

"तुझ्या मागं कोण बसलंय गं?"

मनूनं वळून पाहिलं. "कुणी न्हाई. बाकडं रिकामं हाय आज, लई गार हाय ना."

बाईंनी डोळे बारीक केले. हिरवं होतं. काठ पण होता. पण फोनच्या एवढ्याशा काचेत काय दिसतं आणि काय नाही, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नव्हतं. गेली असेल उठून.

त्यानंतर ती बाई रोजच असायची. कधी टोकाला, कधी जरा अलीकडं. तोंड नदीकडे. मनू मागं पाहायची आणि म्हणायची, कुणी न्हाई आई. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मनू रागावली, "आई, मला एकटीला बसायचं असतं इथं. भीती नको घालूस." बाईंना आपली लाज वाटली. पोटुशा लेकीला असं विचारायचं असतं का?

एकदा फोन ठेवून त्या कठड्याशी नुसत्याच उभ्या होत्या. घाटावरून कुणीतरी निर्माल्य सोडलं होतं, झेंडूची फुलं पाण्यावर पसरून चालली होती. जोहरा शेंगांची टरफलं खाली टाकत होती. मध्येच ती थांबली.

"बाई, फुलं उलटी चालून राहिली."

खरंच. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. फुलं पश्चिमेला चालली होती. घाईत नाही, सावकाश, एका ओळीत.

"वारा असेल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"हाव. वाराच असंल," जोहरा म्हणाली.

दोघींच्याही पदराचं टोक हलत नव्हतं. आणि बाईंच्या नाकात एक वास शिरला. एकदा शाळेच्या सहलीला मुलींना घेऊन त्या समुद्रावर गेल्या होत्या, तेव्हाचा. नांदेडपासून समुद्र किती लांब आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या दिवशी दोघी लवकर घरी परतल्या.

४

मग घरात तांदूळ सापडायला लागले.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्याशी एक दाणा. फुगलेला, पांढराफटक, भिजवून ठेवल्यासारखा. बाईंनी तो झाडून टाकला. कबुतरांचा उच्छाद होताच. दोन दिवसांनी न्हाणीघराच्या जाळीपाशी. मग दिवाणखान्यात सोफ्याच्या पायाशी, जिथं मनू लहानपणी अभ्यासाला बसायची. हा तर अजून ओला होता. बाईंनी तो बोटावर घेतला आणि कशासाठी कोण जाणे, जिभेला लावला. खारट.

त्यांनी सगळे दाणे गोळा करून बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकले. आठवड्याभरात तुळस कडेनं करपायला लागली.

नवरा वसंतराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब आणि कानानं मंद. दोन्ही कानांत यंत्र. दुपारी जेवून आडवं होताना ते यंत्रं काढून डबीत ठेवायचे, मग त्यांच्या उशाशी ढोल बडवला तरी कळायचं नाही. त्या दुपारी ते असेच आडवे झाले आणि थोड्या वेळानं उठून बसले.

"अगं, काय वाजून राहिलं?" ते म्हणाले.

"कुठं काय?"

"बारीक हूं असं. बाल्कनीकडनं येऊन राहिलं."

बाईंनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. यंत्रं डबीत होती. बाल्कनीच्या लोखंडी कठड्याला त्यांनी हात लावला. हाताला बारीक थरथर लागली. रस्त्यावरून ट्रक जातात, त्यानं लोखंड थरथरतं, एवढं विज्ञान त्यांना येत होतं. रस्ता रिकामा होता. वसंतरावांनी यंत्रं कानात घातली, आणि म्हणाले, "थांबलं बघ." बाईंच्या हाताखाली थरथर तशीच होती.

त्या रात्रीचा स्वयंपाक करताना त्यांनी मनाशी कबूल केलं, की आपल्याला भीती वाटते आहे. कशाची, ते त्यांनी नेमकं शब्दांत येऊ दिलं नाही. एवढंच वाटत राहिलं, की काहीतरी आपलं देणं पुरं करायला दारापर्यंत येतंय आणि आपण ते झाडून टाकतो आहोत. हा विचार मूर्खपणाचा होता. पण मूर्खपणावर उपाय सोपा होता, आणि तो त्यांना सुचला. जे राहिलं ते पुरं करायचं. पुन्हा ओटी भरायची, आणि या वेळी चार दाणे परत घ्यायचे.

५

मनूनं आढेवेढे घेतले. तिचं तिकीट झालं होतं, सामान बांधायचं होतं, नारळ आणायला वेळ नव्हता.

"नारळ नको. नुसते तांदूळ. ओंजळभर टाक, त्यातले चार काढून ठेव आणि येताना घेऊन ये," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी कर, मने."

तिनं केलं. ऑफिसातला शेवटचा दिवस होता. तोच मोहरीचा कोट, तोच पूल, भुरकट आभाळ. मागचं बाकडं आज रिकामं होतं. इतके दिवस जिची धास्ती वाटायची ती बाई दिसत नाही म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं; पण बाईंची नजर त्या चौकटीत तिला शोधत राहिली. बसली नाही तर मग कुठं आहे?

"हातात तांदूळ हायेत, फोन इथं ठेवते," मनू म्हणाली आणि केस करंगळीनं मागं सारले. तिनं फोन बाकड्यावर उताणा ठेवला. काचेत नुसतं आभाळ राहिलं. एक पांढरा पक्षी गेला. मनूच्या बुटांचे आवाज कठड्याकडे गेले आणि थांबले.

मग तो हूं असा सूर. आधी बारीक, मग इतका मोठा की बाईंनी फोन हातभर लांब धरला.

"मने? झालं का?"

गोदावरीच्या पुलावरून गाड्या जात होत्या, जोहरा शेजारी उभी होती, एक टांगेवाला कुणाला तरी शिव्या देत होता. फोनमध्ये आभाळ तसंच. बाईंना वाटलं, ओंजळभर तांदूळ पाण्यात टाकायला कितीसा वेळ लागतो?

पावलं परत आली. बूट न घातलेल्या पायांची वाटली, पण लोखंडावर काय वाटेल ते वाटतं. फोन उचलला गेला, आणि मनूचं तोंड दिसलं. फिकट, वाऱ्यानं ओलसर. केस तोंडावर आले होते आणि तसेच राहिले होते.

"झालं, आई."

"दाणे घेतलेस ना परत?"

मनूनं जरा वेळ आईकडे टक लावून पाहिलं. "घरी येऊन देते," ती म्हणाली.

चंद्रप्रभाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवसापासून घरात एकही दाणा सापडला नाही. कठडा वाजायचा थांबला. वसंतराव दुपारी निवांत घोरायला लागले. बाईंनी नवी तुळस आणून लावली.

६

वसंतराव हैदराबादला विमानतळावर गेले आणि लेकीला गाडीतून घेऊन आले. गाडी खाली लागली तेव्हा बाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्याच होत्या. मनू जिना चढून आली. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, पोट पुढं आलेलं, तब्येत छान. बाईंनी तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आणि बाजूला झाल्या.

मनू उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ये की आत."

"तू ये म्हण," मनू म्हणाली.

"म्हणाले की आत्ता. ये, मने, ये."

तेव्हा ती आत आली. वसंतराव बॅगा ओढत म्हणाले, "वाटेत नुसती झोपली. गंगा आली तरी उठली न्हाई." दर खेपेला पुलावर गाडी हळू करायला लावून पाण्यात नाणं टाकणारी मनू. प्रवासानं थकली असेल, बाई म्हणाल्या.

"कोट कुठाय गं तुझा?"

"तिकडंच राहिला. फोन पण यज्ञेशकडं ठेवून आले, बँकेचे मेसेज त्यावरच येतात. तुझा जुना दे मला."

दिवस बरे चालले होते. मनू खायची, झोपायची, हसायची. फक्त मीठ फार लागायचं. पेरूवर मीठ, काकडीवर मीठ, मग चहातही चिमूटभर. एकदा बाई स्वयंपाकघरात आल्या तर मनू मिठाची बरणी कुशीत घेऊन बोट चाटत उभी होती. "डोहाळे, आई," ती म्हणाली. डोहाळे कशाचेही लागतात. बाईंना स्वतःला माती खावीशी वाटायची, मनूच्याच वेळी.

पुलाकडे मात्र ती येत नव्हती. "मला कशाला आता पूल?" असं म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सगळं उत्तम. पोटावर यंत्र ठेवून त्यांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवले, धावत्या घोड्यासारखे. चंद्रप्रभाबाईंना रडू फुटलं. मागच्या खेपेला तिकडं असलंच यंत्र मुकं राहिलं होतं. रडता रडता त्यांना जाणवलं, की ठोक्यांच्या खाली आणखी एक सूर आहे. बारीक. हूं असा.

"मशीन जुनं झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

मनू टेबलावर पडल्या पडल्या आईकडे पाहत होती. पंख्याच्या वाऱ्यानं केसांची एक बट तिच्या ओठांवर आली होती. तिनं ती मागं सारली नाही. घरी येऊन इतके दिवस झाले, पण लेकीची ती करंगळी आपण पाहिलीच नाही, हे बाईंच्या मनात आलं. त्यांनी ते मनातून काढून टाकलं. ठोके तर खरे होते. आपल्या नातवंडाचे होते. त्या वेळी त्यांना दुसरं काहीच ऐकायचं नव्हतं.

७

संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मनूची ओटी भरायचं ठरलं. गल्लीतल्या, शाळेतल्या अशा बऱ्याच बायका आल्या. पाट मांडला, रांगोळी काढली. जोहरा हिरव्या बांगड्यांचे डझन घेऊन आली आणि मनूचा हात मांडीवर घेऊन बसली. नेहमी बांगडी चढवताना मनू ओरडायची, जोहरा रागवायची, आणि साबण लावायला लागायचा. आज बांगड्या एकामागून एक आपोआप गेल्या.

"लई नरम झाला गं हात," जोहरा म्हणाली. हात सोडल्यावर तिनं आपली बोटं पदराला पुसली.

चंद्रप्रभाबाईंनी ओटी भरली. खण, नारळ, हळकुंड, ओंजळीनं तांदूळ. तांदूळ त्यांनी सकाळी स्वतः निवडले होते, कोरडे, खडखडीत. मनूच्या पदरात पडताना त्यांचा आवाज झाला. बायकांनी गाणं म्हटलं. मनू मान खाली घालून बसली होती, जशी लेक बसते तशी. बाईंना भरून आलं.

"आता दाणे दे आईला," कुणीतरी म्हणालं.

मनूनं ओटीत हात घातला. त्याच वेळी फडताळावर ठेवलेला बाईंचा फोन वाजला.

बाईंनी मान वळवून पाहिलं. फोनवर नाव होतं, मनू. व्हिडिओ कॉल. यज्ञेश असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, तिचा फोन त्याच्याकडंच आहे. तिकडं आता दुपारची सुट्टी झाली असेल. हा हिशेब बरोबर होता. पण यज्ञेश आपल्या फोनवरून करतो, नेहमी, आणि रविवारीच करतो.

शेजारच्या मुलीनं उठून बटण दाबलं आणि फोन त्यांच्याकडे वळवून धरला.

पांढरा पूल. फोन कुणीतरी कठड्यावर ठेवल्यासारखा तिरपा. समोर कुणी नाही. मागं बाकडं, आणि त्या बाकड्यावर पाठमोरी एक बाई, नदीकडे तोंड करून. मोहरीच्या रंगाचा कोट, पाण्यानं काळा पडलेला. पोटापाशी दोन्ही हात गुंडाळून ती पुढं वाकली होती. वारा सुटला होता. तिनं एक हात सोडवला आणि तोंडावरचे केस मागं सारले.

करंगळीनं.

चंद्रप्रभाबाईंना उठायचं होतं. फोन हिसकावून घ्यायचा होता, तिच्या नावानं ओरडायचं होतं. पण समोरून पाटावरचा हात पुढं आला होता, मूठ मिटलेली. आणि बाईंच्या हातांनी, आयुष्यभर हेच करत आलेल्या हातांनी, त्यांना न विचारता पदर पसरला होता.

मूठ उघडली. दाणे पदरात पडले, त्यांचा आवाज झाला नाही. ओले होते, फुगलेले होते. लुगड्याला गार ओल लागली आणि समुद्राचा वास आला.

मनू पुढं वाकली, जशी लेक नमस्काराला वाकते, आणि तिचं तोंड बाईंच्या कानापाशी आलं.

"घरला ये म्हणाली होतीस," ती हळू म्हणाली. "आले बघ."

हे त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. ना मनूला, ना जोहराला, ना वसंतरावांना. त्या वेळी पुलावर त्या एकट्या होत्या, आणि खाली पाणी होतं.

फोनमधली बाई मान वळवायला लागली होती. गाल दिसला, कानातलं दिसलं, बाईंनीच दिलेलं. मग पडदा काळा झाला आणि फोन बंद पडला.

"कुणाचा होता हो फोन?" जोहरानं विचारलं.

चंद्रप्रभाबाई पदरातल्या ओल्या दाण्यांकडे पाहत होत्या. घेतलेली गोष्ट परत देता येत नाही.

"मनूचा," त्या म्हणाल्या.

बायका हसल्या. लेक समोर पाटावर बसलीय आणि आई म्हणते मनूचा फोन. आनंदानं वेडी झाली बिचारी. पाटावर बसलेली मनूही त्यांच्याबरोबर हसली.